घरातला कोळी : भ्यायचे कशाला आणि किती?

दिवाळी तोंडावर आली की माझ्या दवाखान्यात दोन तऱ्हेचे रुग्ण हमखास वाढतात. एक, माळ्यावरची धूळ नाकात गेल्याने शिंकणारे. आणि दुसरे, साफसफाई करताना 'काहीतरी चावले' म्हणून येणारे. गेल्या वर्षी अशाच एका सकाळी आमच्या गल्लीतल्या एक वहिनी लोणच्याची रिकामी बरणी पदराखाली धरून आल्या. बरणीत तळहाताएवढा तपकिरी कोळी होता.

"डॉक्टर, माळ्यावरची ट्रंक ओढली आणि हा हातावरून सरसर गेला. जिवंत धरून आणलाय. इंजेक्शन घ्यावं लागेल ना?"

मी हात उजेडात धरून नीट पाहिला. ओरखडासुद्धा नव्हता. नाडी तेवढी धावत होती. त्यांना पाणी दिले, बसवले आणि बरणीतल्या पाहुण्याची ओळख करून दिली. दहा मिनिटांत त्या हसत घरी गेल्या. जाताना कोळी दवाखान्यामागच्या कुंपणात सोडून गेल्या.

दुसरा रुग्ण काही वर्षांपूर्वीचा. रानातल्या वस्तीवर राहणारा तिशीतला गडी. सकाळी सातच्या सुमारास बायको त्याला घेऊन आली. "रात्री कायतरी चावलं म्हनं. बॅटरी लावून बघितलं तर भितीवर कोळी हुता. आता पोटात लई दुखतंय." त्या घरात कोणी घाबरलेले नव्हते. कोळीच तो, त्याला काय भ्यायचे! त्या रुग्णाचे पुढे काय झाले ते लेखाच्या उत्तरार्धात सांगतो.

या दोन प्रसंगांमुळेच आजचा विषय सुचला. जिथे भिण्याचे कारण नव्हते तिथे धावपळ झाली आणि जिथे धावपळ करायला हवी होती तिथे निर्धास्तपणा दिसला. घरात अनोळखी कोळी दिसला तर तो कसा ओळखायचा, त्याच्यापासून धोका किती, आणि 'कोळी चावला' असे म्हणताना आपण कोणता वेगळाच आजार झाकून टाकतो, हे आज पाहू.

कोळी म्हणजे कोण?

आधी हा प्राणी कोळी आहे का, ते पाहावे. कोळ्याला पाय आठ असतात. कीटकांना ते सहा असतात. कोळ्याला पंख नसतात आणि झुरळासारख्या मिशाही नसतात. त्याच्या शरीराचे दोन भाग दिसतात : पुढे डोके व छाती मिळून एक भाग आणि मागे पोट, मध्ये बारीक कंबर. पाय सगळे पुढच्या भागाला जोडलेले असतात. गोचिडीलाही आठ पाय असतात, पण तिला कंबर नसते. सगळे शरीर एकच गोळा दिसते. विंचू हा कोळ्याचा भाऊबंदच, पण नांगी आणि पुढचे दोन आकडे यांवरून तो लहान मुलालाही ओळखता येतो.

जगात कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक आणि आपल्या देशात १,८०० हून अधिक जातींची नोंद झाली आहे. यांतील बहुतेक सर्वांकडे विष असते, हे खरे. 'कोळी विषारी असतो का?' या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच 'हो' असे द्यावे लागते आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. पण हे विष माशी, डास, झुरळ यांना लुळे करण्यासाठी असते. त्याचे प्रमाण अत्यल्प असते आणि लहान कोळ्यांचे सुळे आपल्या कातडीत शिरतही नाहीत. 'विषारी आहे का?' याऐवजी 'माणसाला अपाय करण्याइतका आहे का?' असे विचारावे. आपल्या घरात नित्य दिसणाऱ्या कोळ्यांपुरते त्याचे उत्तर 'नाही' असे आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. डास, ढेकूण, गोचीड हे रक्तावर जगतात. आपल्याला चावणे हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग आहे. कोळ्याला आपल्या रक्ताचा काही उपयोग नाही. तो दाबला गेला, कपड्यात अडकला, हाताखाली सापडला तरच चावतो. सकाळी उठल्यावर अंगावर ओळीने चार-सहा गांधी दिसल्या, तर कोळ्याला दोष न देता गादीच्या शिवणी आणि खाटेच्या फटी तपासा. तिथे ढेकूण सापडण्याचा संभव अधिक.

घरातले चार नेहमीचे कोळी

पहिला, बरणीतला पाहुणा. मोठा, चपटा, तपकिरी. पाय पसरले की चार-पाच इंच भरतो. तो जाळे विणत नाही. दिवसा फोटोच्या किंवा कपाटाच्या मागे बसतो आणि रात्री भिंतीवर शिकारीला निघतो. त्याचे पाय खेकड्यासारखे बाजूला वळलेले असतात, त्यामुळे तो बारीक फटीतही शिरतो. मादीच्या पोटाखाली कधीकधी पांढरट, चपटी, रुपयापेक्षा मोठी चकती दिसते. ती अंड्यांची पिशवी. तेवढ्यापुरती मादी चिडकी असते. हा कोळी दाबला गेला तर चावू शकतो; गांधीलमाशीच्या डंखासारखे दुखते, थोडी सूज येते आणि एक-दोन दिवसांत ओसरते. त्याचे मुख्य अन्न झुरळे. ज्या घरात तो वारंवार दिसतो, त्या घराने आधी मोरी आणि ओट्याखालची जागा तपासावी.

दुसरा, छताच्या कोपऱ्यात उलटा लोंबणारा. शरीर तांदळाच्या दाण्याएवढे आणि पाय केसासारखे लांब. केरसुणी लागली की तो जाळ्यात बसल्या बसल्या जोरजोराने झुलू लागतो. घरातली बहुतेक जळमटे याचीच. 'हा जगातला सर्वांत विषारी कोळी, पण सुळे आखूड म्हणून आपण वाचतो' अशी एक गोष्ट सांगितली जाते. तिला कसलाही आधार नाही. हा बिचारा डास, चिलटे आणि प्रसंगी दुसरे कोळी खातो.

तिसरा, भिंतीवर उड्या मारणारा. लांबीला अर्धा इंचही नसतो. अंगावर पांढरे-काळे पट्टे. बोट पुढे केले की हा पळण्याआधी वळून तुमच्याकडे पाहतो, कारण याचे पुढचे दोन डोळे चांगले मोठे असतात. माशीवर मांजरासारखी झेप घेतो. मुलांना दाखवावा असा हा प्राणी आहे. त्याच्यापासून काही धोका नाही.

चौथा, खिडकीच्या चौकटीत, दिव्याजवळ, जिन्याखाली अस्ताव्यस्त किंवा गोल जाळे विणणारा. यांत अनेक जाती येतात, पण बहुतेक लहान आणि जाळे सोडून न येणारे. जाळ्याला हात लावला नाही तर गाठ पडण्याचे कारण नाही.

भिंतीवर पांढरा, कागदासारखा घट्ट चिकटलेला गोल ठिपका दिसतो, तोही कोळ्याच्याच घरचा. कापल्या जागी तो किंवा जाळे चिकटवून रक्त थांबवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. कृपा करून हे करू नका. जाळ्याबरोबर धूळ आणि जंतू जखमेत जातात. स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे दाबून धरले तरी साधे रक्त थांबते.

अंगणातले आणि रानातले

पावसाळा संपता संपता परसात, कुंपणावर मोठी गोल जाळी दिसू लागतात. त्यात मधोमध फुलीच्या आकाराची नागमोडी पांढरी नक्षी असेल आणि त्या फुलीवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा कोळी बसला असेल, तर तो 'सिग्नेचर स्पायडर'. दिसायला भडक, पण माणसाला निरुपद्रवी. सह्याद्रीच्या झाडीत पाऊलवाटेवर आडवे येणारे, उन्हात सोनेरी दिसणारे भक्कम जाळे आणि त्यात हाताच्या पंज्याएवढी मादी दिसते, ती जायंट वुड स्पायडर. तीही माणसाच्या वाटेला जात नाही. बाभळी-बोरींच्या फांद्यांवर मळकट कापडाची चिंधी गुंडाळावी तसे दिसते, ती एकत्र राहणाऱ्या छोट्या कोळ्यांची वसाहत. त्याला झाडाचा रोग समजू नये.

रानातले एक कुळ मात्र मान राखून सोडून द्यावे असे आहे. ते म्हणजे टॅरंटुला. जाड, केसाळ, बिळात किंवा झाडाच्या ढोलीत राहणारे. ढोलीतल्या जातीच्या पायांची आतली बाजू पिवळी-काळी असते आणि डिवचले की ती पुढचे पाय वर उचलून दाखवते. ही धमकी समजावी. या ढोलीतल्या टॅरंटुलाच्या चाव्याने तीव्र वेदना होतात आणि काही दिवस स्नायूंत गोळे येऊ शकतात. पावसाळ्यात जोडीदार शोधत फिरणारा नर कधी वाट चुकून घराच्या ओसरीवर येतो. झाडू आणि डब्याने बाहेर न्यावा. हाताने उचलू नये.

खरोखर जपावे असा कोळी

'ब्लॅक विडो' हे नाव वाचकांनी ऐकले असेल. या कुळातल्या जाती आपल्या देशात आहेत, पण घरात त्यांची गाठ क्वचितच पडते. याच कुळातल्या तपकिरी विडोची भारतातली पहिली नोंद २००७ साली प्रसिद्ध झाली. ती मात्र माणसाच्या वस्तीजवळ राहू शकते, म्हणून तिची खूण सांगतो. पोट वाटाण्यासारखे गोल व टणक दिसणारे, तपकिरी. पायांवर आडवे पट्टे. आणि पोटाच्या खालच्या बाजूला केशरी रंगाची डमरूसारखी खूण. जाळे अस्ताव्यस्त, पण चिवट. खुर्चीखाली, कुंडीच्या काठाखाली, शटरच्या सांदीत जमिनीलगत असते. सर्वांत सोपी खूण म्हणजे तिच्या अंड्यांची पिशवी. ती धोतऱ्याच्या काटेरी फळाची चिमुकली प्रतिकृती वाटते. अशी पिशवी दिसली तर तिथे हात घालू नका. लांब काठीने काढून साबणाच्या पाण्यात टाका.

विडोच्या चाव्याची लक्षणे अशी : चावल्या जागेची वेदना तासाभरात वर पसरणे, पोटात-पाठीत वळ आल्यासारखे दुखणे, भरपूर घाम. तपकिरी विडोचा चावा बहुधा जागच्या जागी दुखून थांबतो. पण ही लक्षणे दिसली तर वाट न पाहता रुग्णालयात जावे.

मांस कुजवणाऱ्या कोळ्याच्या गोष्टीही कानावर येतात. त्या आल्या अमेरिकेतून. तिथल्या मध्य व दक्षिण भागात 'ब्राऊन रिक्लुज' नावाचा कोळी आहे. त्याच्या एका जातभाईची आपल्याकडे तुरळक नोंद आहे. परंतु अमेरिकेतसुद्धा हा कोळी जिथे मुळीच नाही अशा भागांत त्याच्या नावावर जखमा खपवल्या जातात, असे तिथल्या अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिले आहे. न पाहिलेल्या कोळ्यावर आळ घेण्याची सवय सगळीकडे सारखीच!

अफवांचे विष

शौचालयाच्या सीटखाली लाल रेघांचा कोळी बसतो आणि त्याच्या चाव्याने माणसे मरतात, असा मजकूर फोटोसह मोबाइलवर अधूनमधून फिरतो. ही बनवाबनवी वीसहून अधिक वर्षे जुनी आहे. त्यातल्या फोटोतला कोळी झाडांच्या पानांवर राहणारा, उड्या मारणारा, निरुपद्रवी कोळी आहे.

दुसरे उदाहरण गंभीर आहे. २०१२ च्या मे महिन्यात आसाममधील तिनसुकिया जिल्ह्यात सदिया येथे टॅरंटुलासारखे कोळी मोठ्या संख्येने दिसले, काहींना चावले आणि दोघांचा मृत्यू झाल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. मृत्यू कोळ्याच्या विषानेच झाला, असे सिद्ध झाले नाही. मात्र त्या रुग्णांना आधी गावच्या वैदूंकडे नेले होते आणि तिथे ब्लेडने जखम चिरून रक्त काढले होते, ही गोष्ट त्याच बातम्यांत होती. चाव्यापेक्षा चिरणे अधिक घातक ठरू शकते, एवढा बोध आपण घ्यावा.

'कोळी मुतला' म्हणजे काय?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अंगावर फोड उठले, आग झाली की आपल्याकडे म्हणतात, 'कोळी मुतला' किंवा 'कोळी अंगावर चिरडला'. अशा रुग्णांना मी एकच प्रश्न विचारतो, "कोळी पाहिला का?" दहापैकी नऊ जण म्हणतात, "नाही, पण तोच असणार." तपासल्यावर बहुधा पुढील चारपैकी काहीतरी निघते.

एक, दिव्याचा किडा. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती मोठ्या मुंगीएवढा, केशरी-काळा, लांबट किडा येतो. तो चावत नाही. मानेवर किंवा गालावर बसल्यावर आपण त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातला दाहक रस कातडीला लागतो. साधारण एक दिवसाने तिथे लाल रेघ उमटते, आग होते, बारीक फोड येतात. कोपराच्या वळणात लागला तर समोरासमोर दोन डाग उमटतात. हा किडा अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा. चिरडला गेलाच तर जागा लगेच साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका.

दोन, नागीण. आधी दोन-तीन दिवस छातीच्या, पाठीच्या किंवा कपाळाच्या एकाच बाजूला आग आणि ठणका, मग त्याच पट्ट्यात द्राक्षाच्या घडासारखे फोड. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत दबून राहिलेला असतो, तोच पुन्हा उठतो. कोळ्याचा त्यात काही संबंध नाही. तसेच 'नागिणीचे तोंड शेपटीला भिडले की माणूस मरतो' हीही समजूतच. औषध फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केले तर चांगला गुण येतो. मंतरून आणण्यात हेच तीन दिवस जातात आणि पुढे महिनोन्‌महिने ठणका राहतो. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दृष्टीचा प्रश्न असतो.

तीन, साधे गळू किंवा कातडीखालचा जंतुसंसर्ग. 'कोळी चावला आणि चिघळले' म्हणून येणाऱ्या चाळिशीपुढच्या माणसांत मला अनेकदा मधुमेह सापडला आहे. रुग्णाला तोवर त्याचा पत्ताही नसतो. न भरणारी, पसरणारी जखम असेल तर कोळी शोधण्याऐवजी रक्तातली साखर तपासा.

चार, काळी खपली आणि ताप. गवतात, झुडपांत बारीक माइट असतात. कोळ्यांचेच हे दूरचे नातलग, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारे. त्यांच्या पिल्लांच्या चाव्यातून स्क्रब टायफस हा ताप येतो. चावल्या जागी सिगारेटने भाजल्यासारखी काळी, न दुखणारी खपली दिसते. ती बहुधा काखेत, जांघेत, कमरेशी लपलेली असते. २०१८ साली नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत या तापाची साथ आली होती. वेळेत ओळखला तर डॉक्सीसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने बरा होतो, उशीर झाला तर जिवावर बेततो. पावसाळ्यात किंवा त्यानंतर ताप आणि अंगावर अशी खपली असेल, तर ती डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

रात्री जमिनीवर काहीतरी चावले तर

आता वस्तीवरच्या त्या गड्याकडे वळू. रात्री दोनच्या सुमारास, जमिनीवर घोंगडी टाकून झोपलेला असताना त्याला बोटाला टोचल्यासारखे झाले होते. बॅटरीच्या उजेडात भिंतीवर कोळी दिसला. चावल्याची खूण दिसेना, दुखतही नव्हते. तो पुन्हा झोपला. पहाटे पोटात कळा, दोनदा उलटी.

मी पोट तपासले. मऊ होते. खरे सांगायचे तर मी पोटदुखीचे इंजेक्शन भरायला घेतले होते. तेवढ्यात बायको म्हणाली, "डोळं बघा की, झोपंनं उघडंनात." मी वळून पाहिले. दोन्ही पापण्या अर्ध्यावर लोंबत होत्या. त्याला वर बघायला सांगितले, जमेना. पाणी दिले तर गिळताना ठसका लागला. आवाज नाकातून येत होता. ती झोप नव्हती. तो मण्यारीचा दंश होता.

मण्यार रात्री फिरते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला अंथरुणातच चावते. तिचे दात इतके बारीक असतात की खूण दिसत नाही, सूज येत नाही, वेदनाही नाममात्र. म्हणून माणूस म्हणतो, 'मुंगी असेल, कोळी असेल'. विष मज्जातंतू आणि स्नायू यांचा संबंध तोडते : आधी पापण्या, मग गिळणे, बोलणे आणि शेवटी श्वास. पोटदुखी हे तिचे फसवे लक्षण आहे.

त्याला तसाच जीपमध्ये घातला. कंपाउंडर आणि मी बरोबर गेलो. वाटेत श्वास उथळ झाला, तेव्हा जिल्ह्याच्या गावापर्यंत आम्ही आळीपाळीने फुगा दाबून श्वास देत राहिलो. तिथे सर्पदंशावरची लस दिली आणि तो चार दिवस कृत्रिम श्वासावर राहिला. वाचला. आजही बाजाराच्या दिवशी भेटतो. पण दोन ते सात हे पाच तास भिंतीवरच्या निरपराध कोळ्याने खाल्ले होते, आणि त्याच्या बायकोने ते वाक्य उच्चारले नसते तर आणखी काही तास माझ्या इंजेक्शनने खाल्ले असते, हे मी विसरलेलो नाही.

तेव्हा हा नियम पाठ करा : रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला काहीतरी चावले, आणि त्यानंतर पोटदुखी, उलटी, पापण्या जड होणे, दोन-दोन दिसणे, गिळायला त्रास, यांपैकी काहीही झाले, तर खूण असो वा नसो, कोळी दिसलेला असो वा नसो, तो सर्पदंश समजून तडक रुग्णालयात न्या. लहान मूल पहाटे अकारण पोट धरून रडू लागले तरीही ही शक्यता डॉक्टरांना बोलून दाखवा.

कोळ्याच्या भाऊबंदांत विंचवाचेही तसेच. लाल विंचवाच्या दंशाने भरपूर घाम, हातपाय गार पडणे, उलट्या, धाप अशी लक्षणे दिसली तर, विशेषतः मुलांत, एक क्षण दवडू नये. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग या दंशावर करून दाखवला आणि त्यातून असंख्य जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आहे, पण रुग्ण वेळेत पोहोचला तरच.

कोळी खरोखर चावला तर

चावताना कोळी प्रत्यक्ष पाहिला असेल, तर :

– जागा साबण आणि पाण्याने स्वच्छ धुवा. थंड पाण्याची घडी ठेवा. दुखत असेल तर पॅरासिटामॉल पुरे.

– लाली कुठवर आहे ते बॉलपेनने आखून ठेवा. दुसऱ्या दिवशी रेघ ओलांडून लाली पसरली, ताप आला किंवा पू झाला, तर डॉक्टरांना दाखवा.

– धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटी कधी घेतले ते आठवा.

– कोळ्यावर पेला उपडा ठेवून खालून जाड कागद सरकवा आणि तसाच आणा. मोबाइलवर शेजारी नाणे ठेवून फोटो काढला तरी चालतो. चपलेने चेचून आणलेल्या कोळ्यावरून आम्हाला काही सांगता येत नाही.

– चिरणे, चोखणे, दोरी आवळणे, चुना, तंबाखू, रॉकेल लावणे हे सर्व टाळा.

– वेदना पसरणे, स्नायूंत गोळे, दरदरून घाम, चेहरा किंवा ओठ सुजणे, धाप लागणे, यांपैकी काही झाले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

घरासाठी चार सवयी

अडगळ भिंतीपासून थोडी दूर ठेवा. गवऱ्या, लाकडे, विटा यांचा ढीग घराला लागून रचू नका. तिथे कोळ्यापेक्षा विंचू आणि मण्यार येण्याची भीती मोठी. अंधाऱ्या जागी हात घालण्यापूर्वी काठीने चाचपा. बूट, चपला, दोरीवरचे कपडे झटकून घाला. शक्य असेल तर खाटेवर झोपा. जमिनीवर झोपणे भागच असेल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून घ्या. डास अडतात आणि मण्यारही अडते.

जळमटे जरूर काढा, कारण ती धूळ धरतात. पण कोळ्यांसाठी घरभर विषारी फवारा मारण्याची गरज नाही. मुलांच्या श्वासात तो फवारा जातो आणि झुरळे मात्र महिन्याभरात परत येतात.

बरणी घेऊन आलेल्या वहिनी परवा भेटल्या. "तसलाच एक पुन्हा आलाय फोटोमागं," म्हणाल्या, "राहू दे म्हटलं. झुरळं कमी झालीत." वाचकांनीही कोळ्याकडे असेच पाहावे, असे मला वाटते. मात्र न पाहिलेल्या कोळ्यावर कुठलेही दुखणे ढकलू नये. त्या दुखण्याचे खरे नाव शोधण्यासाठी वेळेवर दवाखान्यात यावे.